येतानाची बाजू

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साऱ्या मुलखाला वाट दाखवली या माणसाने, आणि स्वतःच्या बायकोला कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे कधी नेलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

रस्तेखात्यात ते मैलाचे दगड रंगवायचे. म्हणायचं मैलाचे आणि वर लिहायचे किलोमीटर, यावरून मी त्यांना लग्नाच्या दिवसापासून छळत आलेय. बाकीचे रंगारी पत्र्याचा साचा लावून आकडे काढायचे. भावजी हाताने. डावा हात दगडाच्या डोक्यावर ठेवायचा, उजव्या हातात ब्रश, आणि एका दमात आकडा. त्यांचा नऊ मी शंभर आकड्यांत ओळखेन. शेपूट पोटाखाली घेऊन झोपलेलं मांजर, दुसरं काही नाही. आणि दगडाच्या मागच्या अंगाला, रस्त्याला पाठ असते तिकडे, ओल्या चुन्यात, त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा राहायचा. तोही अर्धाच. अंगठ्याचं टोक तरुणपणीच गाडीच्या जॅकखाली गेलेलं.

या रंगाऱ्यांचा एक नेम होता. दगडाला दोन बाजू असतात, एक जाताना दिसते ती आणि एक येताना दिसते ती. सकाळी जातानाची बाजू रंगवत शेवटापर्यंत जायचं, आणि त्याच दिवशी येतानाची रंगवत परत यायचं. एका बाजूचा रस्ता दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही, मग पाऊस येवो नाहीतर ताप भरो. त्यांचे म्हातारे मुकादम म्हणे दरडावायचे, "अरे, जायचं लिहिलंत, यायचं कोण लिहिणार? माणसं तिकडेच राहतील!" भावजी हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे आणि मी पोट धरून हसायचे. विचारायचे, "मग भावजी, आमची ताई माहेरी यायची राहिली, ती तुम्ही एकच बाजू रंगवलीत म्हणून का हो?"

आता ताईचं सांगते. ताई सात वर्षांची असताना आमच्या वडिलांनी तिला सायकलच्या दांडीवर बसवून एका जुन्या देवळात नेलं होतं. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तळ्याकाठी दगडी देऊळ, दारात दोन दगडी हत्ती, त्यातल्या डावीकडच्याचा कान फुटलेला. फुटक्या कानात ताईने चिंचोका ठेवला होता आणि वडील म्हणाले होते, पुढच्या वेळी येऊ तेव्हा बघू, आहे का. पुढची वेळ आलीच नाही. लग्नानंतर तिने भावजींना सांगितलं, तर म्हणाले, "जाऊ की. आधी मी बघून येतो."

हे "आधी मी बघून येतो" म्हणजे काय प्रकरण आहे ते मी सांगते. या माणसाचा स्वभावच असा, की घरच्यांना न्यायच्या आधी स्वतः जाऊन रस्ता तपासायचा. आणि तपासला की काहीतरी सापडायचंच. एकदा पूल अरुंद, एकदा वळणावर माती आलेली, एकदा मुक्कामाच्या जागी जिन्याला कठडा नाही. की झालं, सहल रद्द! ताईने मोजून ठेवल्यात, अकरा सहली रद्द. बाराव्यांदा ती बोललीच नाही, गप्प बसली. तिचं गप्प बसणं फार वाईट.

मग या वर्षी तिच्या हृदयाच्या झडपेचं निघालं. डॉक्टरांनी पुढच्या बुधवारी ऑपरेशन ठरवलं. मोठं आहे म्हणाले, वय बघता सगळं तयारीत ठेवा. तेव्हा आमची ताई जेवणाच्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "अहो, मला बुधवारच्या आधी ते देऊळ बघायचंय. पुढचं पुढे बघू. या वेळी काही सापडलं ना तुम्हाला, तर मला सांगूच नका. गाडीत बसवा आणि न्या."

डॉक्टरांना विचारलं. गाडीतून सावकाश, एक मुक्काम, चढ नको, असं म्हणाले.

भावजी लगेच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आराखडा करायला बसले. शनिवारी सकाळी किल्ल्याचा दरवाजा, मग खांबांचं देऊळ, तिथेच मुक्काम. रविवारी तळ्याकाठचं देऊळ आणि परत. समोर वेळा लिहिलेल्या. मी वाचलं, "दहा चाळीस ते दहा पंचावन्न, विश्रांती व लघवी."

"भावजी, पंधरा मिनिटं? सामुदायिक का?"

"तुम्ही गप्प बसा, मास्तरीणबाई. गुरुवारी मी आधी बघून येतो."

मी ड्रायव्हिंग शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. मी म्हटलं, बघायला मी नेते. माझा हेतू एवढाच, की या माणसाने काही शोधून काढलं, तर तिथल्या तिथे त्यांचं तोंड बंद करायचं. ताईने मला डोळ्यांनीच सांगितलं होतं, सांभाळ.

तर गुरुवारी सकाळी निघालो, माझ्या शिकवायच्या गाडीतून. मागेपुढे लाल पाट्या, आणि शेजारच्या सीटपाशीही ब्रेक. तो ब्रेक कुणाच्या पायाखाली, तर भावजींच्या! कुत्रं दिसलं की ब्रेक, खड्डा दिसला की ब्रेक. पन्नास किलोमीटरमध्ये माझं कपाळ दोनदा स्टिअरिंगला लागलं. किल्ल्याचा दरवाजा त्यांनी पावलांनी मोजला. खांबांच्या देवळात पायऱ्या मोजल्या, अकरा. मुक्कामाच्या खोलीत पलंगावर बसून तीनदा उड्या मारल्या. व्यवस्थापक माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "शिकाऊ आहेत."

सगळं ठीक होतं. मी खूश.

दुपारी दोनच्या सुमारास तो पूल आला. पुलापलीकडे उजवीकडे फाटा, आणि फाट्यावर लोखंडी पाटी, देऊळ चौदा किलोमीटर. भावजी म्हणाले, "आमची हद्द या पुलाशी संपायची. पलीकडे मी कधी ब्रश टेकवला नाही." मी वळले.

सरळ रस्ता. दोन्हीकडे वाळलेलं गवत, झाड एखादंच. एक गाडी नाही, एक माणूस नाही. किलोमीटरभर गेलो आणि पहिला दगड आला. पांढरा, पिवळं डोकं, काळा आकडा तेरा. आणि भावजींनी ब्रेक दाबला.

"आता काय? दगड अरुंद आहे?"

ते खाली उतरले, दगडासमोर उभे राहिले. मग मागे वाकून काहीतरी बघितलं आणि येऊन बसले. "चला."

बारा. ब्रेक. या वेळी उतरले नाहीत, नुसते काचेतून बघत राहिले. अकरा. दहा. प्रत्येक दगडाला ब्रेक. मी दोन टोमणे मारले, ते हवेतच राहिले. भावजींना माझा टोमणा लागला नाही असं आमच्या नात्यात कधी झालेलं नव्हतं.

मग नववा दगड आला, आणि मीच ब्रेक दाबला. दगडावर ते मांजर झोपलेलं होतं. शेपूट पोटाखाली.

"भावजी, हा तुमचा नऊ."

"हो."

"तुम्ही तर म्हणालात..."

"नाही रंगवला मी. या रस्त्यावर मी आज पहिल्यांदा येतोय."

मी उतरले. ऊन होतं, वारा नव्हता. जवळ गेले तर ताज्या चुन्याचा वास. मागच्या अंगाला बघितलं. अंगठ्याचा ठसा, अर्धाच. भावजींनी पुढे होऊन आपला डावा अंगठा त्यावर ठेवला. अगदी बरोबर बसला. उचलला तेव्हा अंगठ्याला चुना लागलेला.

"ओला आहे," ते म्हणाले.

अंगठा ते बराच वेळ खिशातल्या रुमालाला पुसत राहिले. माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. मी गाडी सुरू केली. आठ, सात, सहा, आकडे कमी होत गेले आणि प्रत्येक आकडा कसा ठणठणीत! निवृत्त झाल्यावर भावजींचा उजवा हात थरथरायला लागलाय, चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात. हे आकडे त्यांच्या तरुणपणच्या हातातले होते.

देऊळ ताईने सांगितलं तसंच. तळं, हत्ती, फुटका कान. पायऱ्या तीनच, चढ नाही. आवारात देखरेखीला असलेले एक म्हातारे झाडत होते. मी विचारलं, "काका, रस्त्यावरचे दगड कुणी रंगवले हो?"

"काल एक माणूस आला होता. एकटाच." त्यांनी भावजींकडे निरखून पाहिलं. "यांच्यासारखाच वाकून चालायचा, पण तरणा. यांचा मुलगा का?"

"मुलगा दातांचा डॉक्टर आहे," मी म्हटलं.

"मग नसेल. पाणी प्यायला इथे बसला. मी म्हटलं, उद्या येणार का पुढचं करायला? तर म्हणाला, नाही, माझ्याकडे एवढंच होतं." आणि पुन्हा झाडायला लागले.

पुढचं म्हणजे कुठलं, ते आम्हाला गाडी परत वळवल्यावर कळलं.

देवळापासून निघालो आणि किलोमीटरवर पहिला दगड आला. पांढरा, पिवळं डोकं, आणि आकडा नाही. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. जाताना ज्यांच्यावर एक, दोन, तीन लिहिलेलं, तेच दगड येतानाच्या अंगाने कोरे. चुना लावलेला, आकड्याची जागा मोकळी.

तिसऱ्या दगडाशी भावजी म्हणाले, "थांबवा."

मी थांबवली. त्यांचा चेहरा त्या चुन्यासारखाच झालेला.

"सहल रद्द."

"भावजी!"

"तुम्हाला दिसत नाही? जातानाची बाजू लिहिली आहे, येतानाची नाही. माझ्या हाताने लिहिली आहे. तिला या रस्त्याने नेऊ मी? आणि बुधवारी..."

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त चिडले. "अकरा वेळा रद्द केलीत. आता बाराव्यांदा तिला घरी ठेवाल, आणि बुधवारी ती त्या दारातून आत जाईल ती काय घेऊन? तुमचं कॅलेंडर? काय सांगाल तिला, दगड कोरे आहेत म्हणून?"

"मग काय करू?"

"अहो, रंगारी कोण आहे आपल्या दोघांत?"

ते मग उतरले, मागची डिकी उघडली. हा माणूस घराबाहेर पडला की पिशवीत एक ब्रश आणि काळ्या रंगाचा छोटा डबा असतोच, कुठे काही पुसलेलं दिसलं तर म्हणून. त्यावरूनही मी त्यांना छळलंय. आता नाही छळणार.

आम्ही मागे फिरलो, देवळाजवळच्या दगडापासून सुरुवात केली. जाताना एक, म्हणजे येताना पुलापर्यंत तेरा. भावजींनी डावा हात डोक्यावर ठेवला, उजवा उचलला आणि ब्रश असा काही थरथरायला लागला की रंगाचे थेंब चुन्यावर उडाले. मी त्यांचं मनगट धरलं.

"सोडा. तुम्ही धरलंत तर तो माझा हात नाही राहणार."

सोडलं. त्यांनी काढला तेरा. वाकडातिकडा, थंडीत कुडकुडल्यासारखा. पण तेरा. मग बारा. मग अकरा. प्रत्येक दगडाला मी गाडी थांबवायची, त्यांनी गुडघ्यावर बसायचं, उठताना माझा खांदा धरायचा. ऊन उतरत चाललं. इतक्या वेळात रस्त्याने एकही माणूस आला नाही. नऊ लिहिताना मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

दोन लिहून झाला आणि डब्यात खरवडायलाही रंग उरला नाही. एकच दगड राहिला, पुलाजवळचा, एकचा. भावजींनी ब्रश डब्यात फिरवफिरव फिरवला. नुसता दांडीचा आवाज. कोरडा ब्रश त्यांनी दगडावर ओढलासुद्धा. काही उमटलं नाही.

"उद्या येऊन लिहू," मी म्हटलं. बोलले आणि जीभ चावली. उद्यावर टाकायचं नसतं ना.

शुक्रवारी ताईच्या तपासण्या निघाल्या, दिवसभर दवाखान्यात गेला. रंग घ्यायला कुणाला वेळ? शनिवारी सकाळी भाचा गाडी घेऊन दारात.

दरवाजा झाला, खांब झाले. ताईने खांबांच्या देवळात अकरा पायऱ्या बघितल्या आणि खालीच बसून बिस्किटं खाल्ली. "तुम्ही मोजल्यात ना? मग पुरे," म्हणाली. मुक्कामाच्या जागी व्यवस्थापकाने भावजींना विचारलं, "शिकलात का?" रविवारी सकाळी पूल ओलांडला. ताई पुढे भाच्याशेजारी, मागे मी आणि भावजी. पुढे दगड यायला लागले. भावजींनी डोळे मिटून घेतले होते.

देवळात ताई डावीकडच्या हत्तीपाशी गेली. फुटक्या कानात तिने दोन बोटं घातली, बराच वेळ चाचपलं. आम्ही तिघं मागे उभे. मग वळली आणि म्हणाली, "नाहीये. कुणीतरी खाल्ला." आणि इतकी हसली की भाचा म्हणाला, आई, सावकाश. भावजी तेवढे हसले नाहीत. ते रस्त्याकडे बघत होते.

परतीला निघालो. पहिला दगड दिसला.

"तेरा!" ताई मोठ्याने म्हणाली. "अगंबाई, हा असा का कुडकुडतोय?"

"रंगवणारा म्हातारा झाला असेल," भावजी म्हणाले.

"बारा. हासुद्धा! अकरा." ती लहान मुलीसारखी एकेक दगड वाचत गेली. नऊ आला तेव्हा तिने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. "अहो, मांजर उठलं की तुमचं!"

भावजींनी नुसती मान हलवली. पुढे वळून बसताना ताई म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे येऊन गेलात. काहीतरी सापडलंही असेल. तरी आणलंत मला." आणि पुन्हा वाचायला लागली. आठ. सात. माझ्या शेजारी भावजींचा थरथरता हात सीटवर पडला होता, मी तो घट्ट धरला. मला सारखा पुलाजवळचा तो कोरा दगड दिसत होता. चार. तीन. आवाज जरा बसत चालला होता तिचा, थकली होती.

"दोन."

मग किलोमीटरभर नुसतं गवत. समोर पूल दिसायला लागला. अलीकडे डाव्या हाताला दगड, पांढरा, पिवळं डोकं. ताई वाचायला पुढे वाकली, आणि थांबली. तोंड उघडं, शब्द नाही. भावजींनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. भाच्याला काहीच माहीत नव्हतं, तरी त्याने गाडी हळू केली, का ते त्यालाही सांगता येत नाही.

दगड काचेच्या बाजूने सरकायला लागला, तशी ताई म्हणाली,

"एक."

आणि मागे टेकून बसली. "सगळंच काय लिहून द्यायला हवं माणसाला? दोनच्या पुढे एकच येणार ना?"

गाडी पुलावर चढली. भावजी खिडकीकडे तोंड करून रडत होते. ताईने आरशात बघितलं आणि काही बोलली नाही. हे गप्प बसणं वेगळं होतं.

बुधवारी सकाळी नऊला तिला आत नेलं. जाताना तिने भावजींना एक बोट उंचावून दाखवलं. नर्सला वाटलं पाणी मागतेय. दुपारी सव्वातीनला बाहेर आणलं, आणि आठवड्याभरात ती घरी येऊन माझ्या चहाला नावं ठेवायला लागली. आता तेराव्या सहलीचा आराखडा चाललाय, या वेळी ताईच करतेय, आणि विश्रांतीला पाचच मिनिटं आहेत.

राहिलं त्या दगडाचं. महिन्याने मी आणि भावजी नवा डबा घेऊन गेलो. ते म्हणाले, अर्धवट काम डोक्यात राहतं. पुलापलीकडे वळलो, किलोमीटरभर गेलो, दगडाला वळसा घालून येतानाच्या बाजूला आलो.

एक लिहिलेला होता.

काळा, वाकडातिकडा, थंडीत कुडकुडल्यासारखा. मागे वाकून बघितलं, चुन्यात आणखी एक अर्धा अंगठा. मी भावजींकडे बघितलं.

"मी नाही आलो," ते म्हणाले. "तुमच्याशिवाय मला आणणार कोण?"

खरं होतं. त्यांनी आकड्याला बोट लावून बघितलं, मग बोट मला दाखवलं. काळं.

आम्ही गाडीत बसलो. ताईला सांगितलं, लिहून आलो. डबा माझ्या डिकीत आहे, झाकण न उघडलेला. शिकायला येणारी पोरं विचारतात, बाई, हा कशाला? मी म्हणते, हात स्टिअरिंगवर ठेव आणि पुढे बघ.